भिंतीतलं टोक

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. खारबावला मामांच्या घरी परवा मी नेमकं तेच करत होतो. वासे नव्हे, कड्या. वासे छपराचे, कड्या माळ्याखालच्या, ज्यांच्यावर फळ्या आणि फळ्यांवर आपण. चौदा भरल्या, त्यांतल्या पाच गेलेल्या.

दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड सोडलं की खारबाव. खाडी जवळ, पावसाळा लांबलचक. तरी दोन पिढ्या हा सागाचा कडीपाट कुरकुरलासुद्धा नव्हता. मिस्त्रींनी हातोडीनं कडी मधोमध ठोकली, खणखणीत वाजली. भिंतीजवळ ठोकली तर आवाजच बसला. टोच्या बोटभर आत गेला.

"काका, कडी मधी मरत नाय. टोकाला मरते."

खरं आहे. भार मध्यावर पडला तरी पोचतो टोकाला, आणि टोक असतं भिंतीच्या पोटात. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशीला ते खाण्याजोगं होतं. तंतूंना बळ देणारं सेल्युलोज ती खाऊन टाकते. मागे उरतो तपकिरी, चौकोनी चिरा पडलेला भुगा, ज्याला आकार लाकडाचा असतो आणि वजन कागदाचं. सागातलं तेल वाळवीला पुष्कळ काळ दूर ठेवतं, पण सगळा साग सारखा नसतो. खोडाच्या गाभ्याबाहेरचं फिकट लाकूड लवकर हार मानतं.

मग इतकी वर्षं टिकलं कसं? भिंत चुन्याची होती. पाणी प्यायची, उन्हाळ्यात सोडून द्यायची. काही वर्षांपूर्वी मामांनी ओलीवर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट. ओल आत यायची थांबली नाही, बाहेर जायची थांबली. मामांना हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यानंतर ते बराच वेळ पान लावत बसले.

मला भाज्याची आणि कोंडाण्याची लेणी आठवली. तिथे खडकात खोटी लाकडी घरं कोरली आहेत: सज्जे, कठडे आणि सज्ज्याखाली बाहेर डोकावणारी तुळयांची टोकं. दगडाला तुळईची गरज नसते. कारागिरानं कोरलं ते त्याच्या डोळ्यांपुढचं सुतारकाम. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा सुतार तुळईचं टोक भिंतीपार काढून उघड्यावर ठेवत असावा. वारा लागेल, कुजलं तर दिसेल. नुसती शोभा, असंही कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर छताखालच्या मुळातल्या लाकडी कमानी अजून आहेत. मात्र त्यांच्यावर भार काहीच नाही, वरचा डोंगर स्वतःच उभा आहे. ओझं नसलेल्यांचं दीर्घायुष्य फार मिरवू नये.

मिस्त्रींनी खालून टेकू दिले, जॅकनं माळा जेमतेम उचलला. करवत दिसणाऱ्या कुजीवर नाही, तिच्या पुढे हातभर लावली. मामींचा जीव खाली-वर. "चांगलं लाकूड का कापता?" कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसण्याआधीच पुढे गेलेले असतात. कापलेल्या कडीला दोन्ही अंगांनी जुन्या, मुरलेल्या सागाच्या जोडकड्या आल्या, आरपार बोल्ट आले. नवी टोकं दगडी चिपेवर टेकवली आणि प्रत्येकाच्या भोवती दोन बोटं मोकळी फट ठेवली. बाहेरचा गिलावाही तेवढ्या पट्ट्यात खरवडून तिथे चुना भरला.

सकाळी माळ्यावर गेलो. पाऊल टाकलं, फळी गप्प. मग खाली येऊन कड्यांच्या टोकांकडे पाहिलं, तर पाचही फटींत वर्तमानपत्राच्या घड्या घट्ट कोंबलेल्या.

"अरे, पाली येतात तिथून," मामी चुलीपाशून म्हणाल्या.

मी शिडी आणायला गेलो.