‘मला नाही जमायचं, फादर!’



मिस्सामध्ये वाचन करायला सांगितले की उत्तर ठरलेले असते : “नको फादर, पाय लटपटतात.” मोशेनेही देवाला हेच ऐकवले होते. आपली जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव, अशी त्याने गयावया केली (निर्गम ४). देवाने त्याची जीभ हलकी केल्याचे तिथे लिहिलेले नाही. सोबतीला भाऊ अहरोन दिला. तेव्हा भीती जाईपर्यंत थांबायचे नसते, भीतीसकट उभे राहायचे असते.

शास्त्रवाचन होते तेव्हा स्वतः ख्रिस्त बोलतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले. आवाज आपला, शब्द त्याचा. मग ‘लोक काय म्हणतील’ याचे ओझे कशाला?

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. तरी ते बोलले, मराठीतूनच बोलले.

आपल्या चेण्यातही सुरुवात करू या. उतारा आठवडाभर आधी मागून घ्या. घरी तीनदा मोठ्याने वाचा. पूर्णविरामाला श्वास घ्या. शेवटच्या बाकावरच्या आजीला ऐकू जाईल असे वाचा. नवख्याच्या शेजारी जुन्या वाचकाने उभे राहावे; तोच त्याचा अहरोन.

आज वेदीजवळ जिचा कंठ फुटेल, तीच उद्या पालकसभेत, महापालिकेत गरिबाची बाजू मांडेल. प्रभू तुमच्या मुखी असो!

तुमचा धर्मगुरू