पन्नास मीटरच्या पुढे



शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2020 मध्ये केला. पण एक्कावन्नाव्या मीटरपासून काय? तिथून पुढची जबाबदारी आई-बाबांची.

आपल्या भांडुपचंच बघा. गणपती करून गावाहून परतताना पिशवीत नाचणी, कुळीथ येतात. मग त्यांचे डबे फळीच्या मागे जातात आणि बिस्किटांचा पुडा पुढे येतो. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. डबा फक्त पुढे ओढायचा! सकाळी नाचणीचं आंबील, रात्री कुळथाची पिठी आणि भात. खर्च बेताचा, चव ओळखीची.

खाण्याइतकीच हालचालही हवी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं अंग घामेजेल अशी हालचाल करावी. त्यासाठी जिमची फी कशाला? टेकडीवरच्या वस्त्यांमधल्या पायऱ्या आहेत, गल्लीतली लगोरी, लंगडी आहे. स्टेशनवरून घरी येताना शेअर रिक्षा एखाद दिवस सोडून मुलांसोबत चालत या.

मुलं आपलं ऐकतात कमी, बघतात जास्त. आपल्या हातात वेफर्सचं पाकीट आणि तोंडी भाजीचं कौतुक, हे त्यांना पटणार कसं? म्हणून आज रात्री टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, आणि पालेभाजीचा पहिला घास आई-बाबांनी घ्यायचा.