माराची कबुली आणि आपले मौन

सर्वांभूती भगवंत आहे, हे वाक्य आपल्या संप्रदायात इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ विचारावा असे कुणाला वाटतच नाही. कीर्तनात ते आले की आपण मान डोलावतो आणि टाळी वाजवतो. पण त्या वाक्याची खरी परीक्षा कीर्तनात होत नाही. ती घरात चोरी झाली म्हणजे होते. कपाट फुटले, मंगळसूत्र गेले आणि चार दिवसांनी पोलिसांनी कुणातरी पोराला धरून आणले, की तोच टाळी वाजवणारा गृहस्थ फौजदाराला म्हणतो, "साहेब, चांगला सोलून काढा. दोन पट्टे बसले की बोलेल पोपटासारखा." त्या वेळी त्या पोराच्या ठायी भगवंत असतो की नसतो? आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत तो प्रश्न एवढाच.

गंमत अशी की हाच गृहस्थ घरी आल्यावर मुलाला सांगतो, "बाबा रे, ठाण्याची पायरी चढू नकोस. पोलिसांची दोस्तीही नको नि दुश्मनीही नको." रस्त्यात अपघात पाहिला तरी तो थांबत नाही, पंच म्हणून बोलावले तर गावाला निघून जातो. म्हणजे पोलिसांवर त्याचा विश्वास मुळीच नाही. मग ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याच हाती दुसऱ्याचा देह निर्धास्तपणे कसा सोपवतो? आपल्यापुरता अविश्वास आणि परक्यापुरता विश्वास, हा कोणता न्याय?

या अविश्वासाला इतिहास आहे, तो थोडक्यात पाहू. कंपनी सरकारच्या अमलात मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करण्यासाठी आणि चोरीची कबुली मिळवण्यासाठी रयतेचा छळ होतो, अशी ओरड झाली. तेव्हा चौकशीसाठी तिघांचे एक मंडळ नेमले गेले. त्याचा अहवाल १८५५ साली आला. लाकडी चापात बोटे चेपणे, माणसाला वाकवून मान पायाशी बांधून ठेवणे, असे प्रकार त्यात नोंदलेले आहेत. पुढे सत्तावनचे बंड झाले आणि १८६१ साली पोलिसांचा कायदा झाला. तो करणाऱ्यांना रयतेचा मित्र नको होता, सरकारचा दंडुका हवा होता. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या १८६१ साली सरकारने हे दल उभे केले, त्याच सालच्या फौजदारी कार्यविधीत आणि पुढे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात त्याच सरकारने लिहून ठेवले की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. स्वराज्य आले, संविधान आले, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तरी तो नियम कायम आहे.

याचा अर्थ काय? माराने निघालेले बोल खरे मानायचे नाहीत, हे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच जाणले. आपण मात्र अजून म्हणतो, मारल्याशिवाय खरे निघत नाही!

या नियमाला एक फट मात्र आहे. आरोपीने काही सांगितले आणि त्यावरून चोरीचा माल सापडला, तर त्या मालापुरते त्याचे बोलणे ग्राह्य धरले जाते. म्हणून मुद्देमाल मिळवण्याची घाई असते आणि त्या घाईत हात उचलला जातो. लोकही म्हणतात, "माल सापडला ना? मग आणखी काय पाहिजे?" अशा वेळी आपल्याच परंपरेतली जनाबाईची कथा आठवावी. देवाच्या गळ्यातले पदक नाहीसे झाले आणि ते सापडले कुठे, तर जनीच्या झोपडीत. मुद्देमाल हजर, आरोपी हजर, साऱ्या पंढरीची खात्री पटलेली! एका दासीची बाजू कोण घेणार? तिला सुळावर द्यायचे ठरले आणि चंद्रभागेच्या वाळवंटात लोक जमले. सुळाचे पाणी झाले म्हणून आज आपण ती कथा गहिवरून ऐकतो. चोखोबांच्याही गळ्यात देवाचा हार सापडला आणि त्यांना बैलांना जुंपून ओढण्याची शिक्षा झाली, असे सांगतात. कथेतला चमत्कार सर्वांना आठवतो. पण त्या वाळवंटात जमलेल्या लोकांत आपण असतो तर काय बोललो असतो, हे कुणी स्वतःला विचारत नाही. फार तर म्हणालो असतो, "माल सापडलाय, आता कसली दया?"

कोणी म्हणेल, "महाराज, हे पोथीत ठीक आहे. निर्ढावलेला चोर हात लावल्याशिवाय बोलतो काय?" आक्षेप खोटा नाही, त्याला उत्तर दिले पाहिजे. वेदना माणसाला खरे बोलायला लावीत नाही. मारणाऱ्याला जे ऐकायचे असेल ते बोलायला लावते. निर्ढावलेला माणूस मार सोसून गप्प बसतो, आणि कोवळा, भ्यालेला, निरपराध माणूस न केलेल्या तीन चोऱ्या कबूल करून मोकळा होतो. फाइल मिटते नि खरा चोर मोकळा हिंडतो. ज्याचे मंगळसूत्र गेले त्यालाही यात काय मिळाले?

शिवाय मार बसतो कुणाला हेही पाहावे. पेढीवाल्याने लाखोंचा अपहार केला तर त्याला खुर्ची मिळते, वकील मिळतो, छातीत दुखू लागले की इस्पितळ मिळते. पट्टा बसतो तो ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्याला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. पंढरपूरपासून लांब नसलेल्या सोलापूरला अशा लोकांना तारेच्या कुंपणात कोंडण्याची वसाहत होती आणि तिथे त्यांना हजेरी द्यावी लागे. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ साली, तो कायदा रद्द झाला आणि ते लोक विमुक्त झाले. कागदावरचा डाग पुसला गेला, पण मनातला? आजही गावात चोरी झाली की पहिले बोट पारध्याच्या पालाकडे जाते. आणि ते बोट पोलिसांच्या आधी आपले असते.

एक घडलेली हकीकत सांगतो. ओरिसातल्या सुंदरगड जिल्ह्यात जराईकेला म्हणून ठिकाण आहे. तिथल्या चौकीच्या पोलिसांनी १ डिसेंबर १९८७ रोजी चोरीच्या चौकशीसाठी एका बावीस वर्षांच्या मुलाला घरून नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळावर सापडले. पोलिसांनी सांगितले की तो रात्री दोर दातांनी तोडून पळाला आणि गाडीखाली आला. त्याच्या आईने काय करावे? तिने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि चौकशी लावली. अंगावरच्या जखमा गाडीच्या नसून माराच्या आहेत, मुलगा कोठडीतच मेला, असा निर्णय १९९३ साली झाला. आईला दीड लाख रुपये भरपाई देण्याचा सरकारला हुकूम झाला. माणूस ताब्यात असताना त्याच्या जिवाची जबाबदारी ताब्यात घेणाऱ्याची, हे तत्त्व त्या निकालाने पक्के झाले. पण वाचकहो, त्या मुलाने चोरी केली होती की नव्हती, हे आता कधीच कुणाला कळणार नाही. माराने सत्य बाहेर आले नाही, ते माणसाबरोबर मेले.

आता पोलिसांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. आषाढीला लाखो माणसे पंढरीत उतरतात तेव्हा पावसात भिजत, रात्र रात्र उभा राहून वाट मोकळी करणारा शिपाई आपण पाहतोच. चुकलेल्या म्हातारीला हात धरून तिच्या दिंडीपाशी तोच पोचवतो. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असे आहे, आणि ते जगणारी माणसे त्या खात्यात आहेत. पण वरिष्ठ म्हणतात, आठ दिवसांत तपास लागला पाहिजे. पुढारी म्हणतात, अमक्याला सोडा नि तमक्याला धरा. वर्तमानपत्रे म्हणतात, पोलीस झोपले आहेत काय? आणि आपण म्हणतो, सोलून काढा! या साऱ्यांची घाई शेवटी शिपायाच्या हातातल्या पट्ट्यात उतरते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की पोलिसांवरचा राजकीय दाब कमी करा, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करा, लोकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. आपल्या राज्याने २०१४ साली कायदा दुरुस्त करून असे प्राधिकरण त्यात आणले. २०२० साली प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा हुकूम झाला. हे सर्व चांगलेच आहे. पण कॅमेरा पाहतो तेवढेच, तो कुणाची बाजू घेत नाही. ते काम माणसाचे.

ते माणसाने कसे करावे, याची वाटही कायद्यात आहे. कलकत्त्याच्या एका कायदा-साहाय्य संस्थेच्या अध्यक्षांनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. त्यावर डिसेंबर १९९६ मध्ये निकाल झाला आणि अटकेचे अकरा नियम ठरले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसले पाहिजे. अटकेचा कागद जागच्या जागी झाला पाहिजे. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवले पाहिजे. कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांनी तपासले पाहिजे. चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे करायचे, हे तर संविधानातच आहे. आणि त्या अटकेच्या कागदावर एका साक्षीदाराची सही हवी: घरातल्या माणसाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची. आज हा नियम कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे.

वस्तीतला प्रतिष्ठित माणूस म्हणजे कोण? वाचकहो, तो आपणच. गळ्यात तुळशीची माळ आहे, गावात चार माणसे रामराम घालतात, दिंडीत मानाने नाव घेतले जाते, ती प्रतिष्ठा आणखी कोणत्या कामाची? पालावरच्या पोराला गाडीत घालतात तेव्हा आपण दार लावून घेतो आणि म्हणतो, "आपल्याला काय करायचंय?" त्या कागदावरची जागा मग कोरी राहते, नाही तर पोलिसांच्या ओळखीचा कुणीतरी येऊन सही ठोकून जातो. गावातला एक बरा माणूस या पोराला ओळखतो आणि उद्या त्याची विचारपूस करणार आहे, एवढे ठाणेदाराला कळले तरी पुष्कळदा पट्टा खुंटीवरच राहतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. पोलिसांवर अविश्वास ठेवणे पाप नाही. संविधानाने आणि कायद्याने तो जाणून-बुजून ठेवला आहे, त्याला चोवीस तासांची मुदत आणि साक्षीदाराची सही असे रूप दिले आहे. असा जागा अविश्वास चांगल्या पोलिसालाही उपकारकच आहे, कारण तो त्याला वरिष्ठांच्या घाईपासून वाचवतो. पाप आहे ते झोपलेल्या अविश्वासात, जो आपल्याला घरात बसवतो आणि दुबळ्याला एकटा सोडतो. आणि त्याहून मोठे पाप आपली चोरी झाल्यावर दुसऱ्याचा देह माराला देण्यात आहे. पट्टा शिपायाच्या हातात असतो हे खरे. पण "सोलून काढा" हे शब्द आपले असतात, आणि शब्दाचा हिशेब प्रत्येकाला ज्याचा त्याला द्यावा लागतो.

तेव्हा यापुढे ठाण्यात जाण्याची वेळ आलीच तर तक्रार स्पष्ट लिहून द्यावी, संशय असेल तो संशय म्हणूनच सांगावा, आणि निघताना फौजदारसाहेबांना हात जोडून एवढेच म्हणावे, "साहेब, माल मिळाला तर पाहिजेच. पण आमच्यासाठी कुणाला मारू नका." मंगळसूत्र परत येईल न येईल, ते देवाच्या आणि तपासाच्या हाती. पण ते कुणाच्या तरी पाठीवरून घरात आले, असे होता कामा नये.

रामकृष्णहरि.