केबिनला दार नाही

बेडरूममध्ये एअर प्युरिफायर लावण्यात नैतिक प्रश्न कसला? पंखा लावतो, मच्छरदाणी लावतो, पाण्याला फिल्टर लावतो, तसंच हे. मला मात्र यात एक फरक दिसतो, आणि तो या यंत्राच्या रचनेतच आहे.

प्युरिफायर म्हणजे मुळात एक पंखा आणि एक हेपा फिल्टर. हा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा त्यातून फिरत राहते. गोरेगावला आमच्या सातव्या मजल्यावर जानेवारीत खिडकी उघडी असली की पीएम २.५ चा आकडा शंभरच्या पुढे जातो. प्युरिफायर लावला की तासाभरात पंधराच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. भारताची, २००९ पासूनची, ६०.

अट एकच, खोली बंद हवी.

आमचा वॉचमन बारा तास गेटवर असतो. समोर जुनी सोसायटी पाडून टॉवर उभा राहतोय. त्याच्यासाठी एक प्युरिफायर घ्यावा असं मनात आलं, पण त्याच्या केबिनला दारच नाही. दार लावून तो आत बसला तर गेट कोण बघणार? पंखा, फ्रिज, स्वेटर कुणालाही देता येतो. हे यंत्र मात्र ज्याच्याकडे बंद करण्याजोग्या चार भिंती आहेत, त्याच्याच कामाचं. समोरच्या साइटवर घमेली उचलणाऱ्या बाईला त्याचा उपयोग शून्य.

मग मी ते बंद करावं का? आईला दमा आहे. हिवाळ्यात ती साताऱ्याहून येते, तेव्हा याच खोलीत न खोकता झोपते. मी बटण बंद केलं तर तिचा खोकला वाढेल, वॉचमनचा कमी होणार नाही. ज्या त्यागाने कुणाचंच भलं होत नाही, त्याला नीती म्हणणं मला पटत नाही.

अडचण पुढे आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात मांडलं होतं, की एखादी व्यवस्था बिघडली की माणसं एकतर बाहेर पडतात किंवा आवाज उठवतात. ज्यांचा आवाज ऐकला गेला असता तेच आधी बाहेर पडले, तर मागे राहिलेल्यांची तक्रार दुबळी होते. पाण्याचं तेच झालं. नळाला गढूळ पाणी आलं तर आपण आता वॉर्ड ऑफिसला जात नाही, फिल्टर बदलतो.

हवेच्या बाबतीत तर आपण बाहेरही पडलेलो नसतो. आठ तास झोपेचे सोडले तर उरलेले सोळा तास त्याच धुळीत. पण सकाळी घसा मोकळा असला की धुळीचा राग येत नाही, आणि राग आला नाही तर तक्रार होत नाही.

ही धूळ पावसासारखी आभाळातून पडत नाही. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियम काढले: भोवती उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणं. म्हणजे काय करायचं हे ठाऊक आहे. आमचा टॉवरही अशीच धूळ उडवत उभा राहिला, तेव्हा ती शेजारच्या चाळीने गिळली. आज आम्ही खिडकी लावून घेतो.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं: प्युरिफायर चालू ठेवावा, पण त्याच्या स्क्रीनवरचा आकडा घरात ठेवू नये. खिडकी उघडी असतानाचा आणि बंद असतानाचा, दोन्ही आकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडावेत. समोरच्या साइटवर फवारणी होते का, हे सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला आणि वॉर्ड ऑफिसला विचारावं, उत्तर येईपर्यंत विचारत राहावं. वॉचमनने असं पत्र लिहिलं तर त्याची नोकरी जाऊ शकते. आपली जात नाही.