कोंबडा गेला, रुख आला

मार्च २०२५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या दोन जुन्या प्रकल्पांनी मोठ्या आवृत्त्या काढल्या. एकाने त्या मुहूर्तावर आपलं नाव बदललं, दुसऱ्याने तेच ठेवलं. माझ्या मते पहिल्याचं बरोबर आहे. का, ते सांगताना मला ओमानचा आधार घ्यावासा वाटतो.

पहिला प्रकल्प कॉक. गणिताच्या सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासून देणारा हा प्रोग्राम. इन्रिया या फ्रेंच सरकारी संशोधन संस्थेत १९८४ साली त्याचं काम सुरू झालं. कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो, शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग द्यावा लागत नाही, या प्रसिद्ध सिद्धांताची सिद्धता जॉर्ज गाँतिए यांनी २००५ मध्ये याच प्रोग्रामकडून तपासून घेतली. फ्रेंचमध्ये कॉक म्हणजे कोंबडा. ज्यांच्या संशोधनावर हे सगळं उभं आहे, त्या तिएरी कोकाँ यांच्या आडनावाची सुरुवातही तीच. नाव प्रेमाने ठेवलेलं होतं. पण इंग्रजीत तोच उच्चार एका असभ्य शब्दाचा आहे, आणि या क्षेत्रातल्या स्त्रियांना त्यापायी संकोचाचे, कधी छळाचेही प्रसंग सोसावे लागत. २०२१ मध्ये यावर उघड चर्चा झाली, २०२३ मध्ये नवं नाव ठरलं आणि २०२५ मध्ये ते लागू झालं: रॉक. हे काम जिथे वाढलं त्या रॉकाँकूर गावाची खूण त्यात आहे, आणि रुख या महाकाय पक्ष्याचीही. ज्याच्या पायाला स्वतःला बांधून सिंदबाद उडाला, अरबी कथांतला तो रुख. सिंदबाद आमचाच, असं ओमानमधल्या सोहारचे लोक आजही अभिमानाने सांगतात. मस्कतला अल बुस्तानच्या चौकात ‘सोहार’ नावाचं जहाज ठेवलेलं आहे. खिळा न ठोकता, काथ्याने फळ्या शिवून ते सूरमध्ये बांधलं आणि टिम सेव्हेरिन १९८० मध्ये त्यातून सिंदबादच्या वाटेने चीनला निघाले.

ओमानचं आजचं नावही तसं नवंच. १९७० पर्यंत हा ‘मस्कत आणि ओमान’ होता. किनारा सुलतानाचा, डोंगरापलीकडचा निझवाचा मुलूख इमामाचा. १९२० च्या सीबच्या कराराने ही वाटणी जवळजवळ पक्की केली होती. पुढे लढाया झाल्या, १९५९ पर्यंत आतला भाग सुलतानाच्या हाती आला, तरी नावात देशाचे दोन तुकडेच राहिले. २३ जुलै १९७० ला सुलतान काबूस गादीवर आले आणि ९ ऑगस्टला ‘सल्तनत ऑफ ओमान’ हे नाव जाहीर झालं. राजधानीचं नाव पुसून आतल्या मुलखाचं नाव अख्ख्या देशाला दिलं गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्याच्या हाती सत्ता त्याने मागे सरून दुसऱ्याला जागा दिली. काही वर्षांत सईदी रियालही, म्हणजे राजघराण्याच्या नावाचं चलन, ओमानी रियाल झालं.

पण नुसत्या नावाने काय झालं असतं? त्या वेळी देशात शाळा तीन आणि डांबरी रस्ता दहा किलोमीटर, आणि धोफारमध्ये बंड पेटलेलं. नाव खरं ठरलं ते पुढच्या रस्त्यांनी आणि शाळांनी. जुनं सामानही कुणी जाळलं नाही. ‘मस्कत आणि ओमान’ छापलेली टपाल तिकिटं शिल्लक होती. १९७१ मध्ये त्यांच्यावरच नवं नाव छापून ती चालवली. रॉकवाल्यांनीही हेच केलं. जुन्या फायलींत कॉक हे नाव आलं तर प्रोग्राम अडून बसत नाही. काम करतो आणि नवं नाव वापरा अशी सूचना देतो. हजारो शोधनिबंध, पाठ्यपुस्तकं, विद्यार्थ्यांच्या वह्या जुन्या नावाने भरलेल्या असताना याहून प्रामाणिक वाट मला दिसत नाही.

दुसरा प्रकल्प जिम्प, चित्रं आणि फोटो सुधारण्याचा. बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये तो जगापुढे आणला. इंग्रजीत हा शब्द पायाने अधू माणसाला हिणवायला वापरतात. नाव बदला, ही मागणी जुनी आहे. जिम्प घडवणाऱ्यांचं उत्तर असं, की वीस वर्षांहून अधिक काळ लोक आम्हाला याच नावाने ओळखतात, आणि कुणाला दुखवायचा आमचा हेतू नाही. मस्कतच्या सुलतान काबूस विद्यापीठात २०१३ मध्ये मुक्तस्रोत परिषद भरली होती. तिथे जमलेल्या किती तरुणांना जिम्प हा नुसता ध्वनी वाटला असेल! आपल्याकडेही तसंच. पण ज्याला बोचत नाही त्याची साक्ष इथे कामाची नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नाची बरोबरी सॉफ्टवेअरशी करता येणार नाही, तिथे माणसांचे जीव गेले, घरं जळली. तरी १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षं लागली, कारण नाव मागणाऱ्यांच्या स्वाभिमानापेक्षा नाव राखणाऱ्यांची सवय जड मानली गेली. अखेर ‘मराठवाडा’ त्या नावात राहिलाच, ही गोष्ट आपण पुरेशी आठवत नाही.

बदलायचं कुणी, हा प्रश्न उरतो. ओमानमध्ये एका हुकमाने काम झालं. मुक्तस्रोतात सुलतान नसतो. कुणालाही प्रत उचलून नव्या नावाने चूल मांडता येते. २०१९ मध्ये काहींनी जिम्पची ‘ग्लिम्प्स’ केली. राबणारे हात पुरेनात आणि २०२१ मध्ये काम थांबलं. उलट उदाहरण वायरशार्कचं. जेराल्ड कोम्ब्स यांनी २००६ मध्ये नोकरी सोडली, ‘इथिरिअल’ या नावाचा हक्क त्यांच्याकडे नव्हता, म्हणून नवं नाव घेतलं. सोबतचे कार्यकर्ते त्यांच्या मागे गेले आणि जुनं नाव ओस पडलं. तेव्हा हे काम जिम्प रोज घडवणाऱ्यांनीच हाती घेतलं पाहिजे, त्यांच्यावाचून ते होणार नाही. आवृत्ती तीनची वाट लोकांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. ती संधी त्यांनी घालवली, याचं मला वाईट वाटतं.

सगळं उलथायची गरजही नाही. जिम्पच्या फायलींच्या नावाअखेर एक्ससीएफ ही अक्षरं येतात. बर्कलीच्या ज्या विद्यार्थी संगणक मंडळात तो जन्मला, त्या मंडळाची ती आद्याक्षरं. ती खुशाल राहू द्यावीत. त्यांनी कधी कुणाला दुखावलेलं नाही.