बधिर पायाची दिनचर्या

सवय लागायला २१ दिवस पुरतात, असे आरोग्यसल्ल्यांच्या बाजारात ठामपणे सांगितले जाते. या आकड्याचे मूळ न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, एवढेच त्यांचे निरीक्षण. प्रचारकांनी 'किमान' गाळले आणि चेहऱ्याच्या जागी सवय बसवली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांच्या नोंदी १२ आठवडे तपासल्या. कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे निघाले. माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस. (२५४ हा अर्थातच गणिती अंदाज, अभ्यासच ८४ दिवसांचा.) एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. '२१ दिवसांच्या' आव्हानांच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख सहसा नसतो.

सातत्याची खरी परीक्षा कुष्ठरोगात होते. बहुविध औषधोपचाराने रोगाचे जंतू ६ किंवा १२ महिन्यांत आटोक्यात येतात. रोगाने मेलेल्या नसा मात्र बहुधा परतत नाहीत. बोटे रोगामुळे झडतात, हा समज वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी खोडून काढला. वेदना कळत नाही म्हणून माणूस काचेवर चालत राहतो, गरम भांडे धरून ठेवतो आणि स्वतःच्या नकळत हातपाय गमावतो. वेदना ही शरीराची राखणदार आहे, या विचाराचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. दुखणे हा केवळ उपद्रव मानणाऱ्या सुखवस्तू संस्कृतीला तो अजून पुरता पचलेला नाही.

राखणदार गेल्यावर त्याचे काम दिनचर्येला करावे लागते. घामग्रंथींच्या नसा गेल्याने कातडी कोरडी पडते, भेगाळते. म्हणून रोज पाय साध्या पाण्यात भिजवायचे, घट्टे वजरीने हलके घासायचे, ओल असतानाच तेल लावायचे, तळवा निरखायचा, चप्पल झटकून पाहायची. एकदा जमले म्हणून यातून सुटका होत नाही. इथे जखम झाली तरी कळ येत नाही, आणि काळजी घेतल्याचे बक्षीस म्हणजे काहीच न घडणे.

इथवर धीराचे कौतुक ओघाने येते. पण त्याला एक अडचण आहे. तळव्याची जखम भरायला तिच्यावरचा भार काढावा लागतो आणि शेतमजुराला घरी बसणे परवडत नाही. त्याला 'सबुरी ठेवा' सांगणे सोपे असते. ब्रँड यांनी पायाला नेमके बसणारे प्लास्टर रूढ केले: भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर विभागला जातो, रुग्ण हिंडता-फिरता राहतो आणि काही आठवड्यांत जखम भरू लागते. त्याच्या वाट्याचा बराचसा धीर प्लास्टरच धरते. म्हणजे ज्याला चिकाटीचा अभाव म्हणून हिणवले जाते, तो पुष्कळदा साधनांचा अभाव असतो.

प्लास्टर निघते, पाय बधिरच राहतो. मग मऊ तळाची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल लागते. ती झिजली की नवी. बोटे वाकलेली असतील तर तेलाची बाटली दुसऱ्याने उघडावी लागते. नजर अधू असेल तर तळवा दुसऱ्यालाच पाहावा लागतो. कुष्ठरोगाच्या कामात स्वकाळजीचे गट भरतात ते यासाठीच. तिथे लोक ओळीने बसून पाय भिजवतात आणि एकमेकांचे तळवे तपासतात.