रात्रपाळीच्या गावात ग्रंज

1991 च्या सप्टेंबरात चार दिवसांच्या अंतरानं दोन गोष्टी घडल्या. 24 तारखेला अमेरिकेत निर्वाना या ग्रंज रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम बाजारात आला. 28 तारखेला भिलाईत, हुडको वसाहतीतल्या घरात झोपलेल्या कामगार नेते शंकर गुहा नियोगींना गोळी घालून मारण्यात आलं. भिलाईतल्या आमच्या मरोदा वसाहतीत पहिली बातमी पोहोचायला बराच काळ लागला. दुसरी त्याच दिवशी सकाळच्या पाळीला निघालेल्यांच्या तोंडी होती. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही आणि तो ओढूनताणून जोडण्यात मला रस नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच दुखणं होतं असं मला वाटत आलंय: कारखान्यानं दिलेला शब्द आता पाळला जाणार नाही, हे कळून चुकणं.

भिलाईचा शब्द मोठा होता. 1955 साली सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि मुंबई-हावडा रेल्वेनं गोंदिया, भंडारा, नागपूरकडची मराठी माणसं इथं उतरू लागली. क्वार्टर, शाळा, सेक्टर नऊचं इस्पितळ, मैत्रीबाग, सगळं कारखान्याचं. नियोगी लढत होते ते या कुंपणाबाहेरच्या ठेकेदारी मजुरांसाठी, ज्यांना हा शब्द कुणी दिलाच नव्हता. त्यांच्या खुनानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत, 1 जुलै 1992 ला, पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. कुंपणाच्या आतले आम्ही त्या दिवशी दारं लावून बसलो होतो.

ग्रंज ज्या शहरातून निघालं, त्या सिएटलनं असा शब्द मोडलेला आधीच पाहिला होता. तिथला कारखाना म्हणजे बोइंग. सत्तरीच्या सुरुवातीला बोइंगनं हजारो माणसं काढली, तेव्हा शेवटी शहर सोडणाऱ्यानं दिवे मालवून जावं, अशा अर्थाचा फलक कुणी चेष्टेनं रस्त्याकडेला लावला होता. नैऋत्येला किनाऱ्याजवळ ॲबरडीन, लाकूडतोडीचं गाव. 1967 साली निर्वानाचा गायक कर्ट कोबेन तिथं जन्मला, आणि तो मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला तोवर तिथला लाकडाचा धंदा उतरणीला लागला होता. त्यात पाऊस. त्यात 1985 चा सिएटल नगरपालिकेचा एक कायदा: अल्पवयीन मुलांसाठी नाचगाण्याचा कार्यक्रम करायचा, तर दहा लाख डॉलरचा विमा उतरवा. इतका पैसा कुणाकडे असणार? पोरं तळघरांत शिरली.

ग्रंजचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथून थेट कोबेनवर उडी मारतात. मला मधला काळ जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कुणी प्रतिभावंत नाही, फक्त सोय आहे. सी/झेड नावाच्या छोट्या कंपनीनं 1986 मध्ये ‘डीप सिक्स’ नावाची एकत्रित तबकडी काढली. साउंडगार्डन, मेल्विन्स, ग्रीन रिव्हर आणि आणखी तिघं तिच्यावर होते. विद्यापीठाचं केसीएमयू रेडिओ केंद्र गावातल्या पोरांच्या कॅसेटी वाजवायचं. जॅक एंडिनो नावाचा ध्वनिमुद्रक स्वस्तात काम करून द्यायचा. निर्वानाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ (1989) त्यानं 606 डॉलर 17 सेंटमध्ये उरकला. ते पैसे भरले जेसन एव्हरमन या गिटारवाल्यानं, म्हणून त्याचं नाव आणि फोटो कव्हरवर आहे. अल्बममध्ये त्यानं एकही सूर वाजवलेला नाही.

या सोयीच्या मधोमध एक मल्याळी नाव आहे. किम थायिल. साउंडगार्डनचा गिटारवादक, आईवडील केरळचे, जन्म 1960 चा, सिएटलचाच. पण वाढला शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्टमध्ये. हे पार्क फॉरेस्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी आखून-रेखून वसवलेलं उपनगर. विल्यम व्हाइटच्या ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ (1956) या गाजलेल्या पुस्तकात त्याचा लांबलचक अभ्यास आहे. तो वाचताना भिलाईचा माणूस जागोजागी थबकतो. एकाच वयाची जोडपी, एकाच मापाची घरं, शेजाऱ्याचा पगार सगळ्यांना ठाऊक. या गावातून थायिल, त्याचा मित्र हिरो यामामोटो आणि ब्रूस पॅव्हिट असे तिघं वॉशिंग्टन राज्यात गेले. पॅव्हिटनं ‘सबटेरेनियन पॉप’ नावाचं हौशी नियतकालिक काढलं, त्यातूनच पुढं सब पॉप ही कंपनी झाली. जोनाथन पोनमन या दुसऱ्या भागीदाराशी त्याची गाठ घालून दिली ती थायिलनं. तो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत होता, केसीएमयूवर निवेदन करत होता आणि 1984 पासून क्रिस कॉर्नेलबरोबर साउंडगार्डन चालवत होता.

थायिलची गिटार जवळून ऐकण्यासारखी आहे. गिटारची सगळ्यांत जाड तार एरवी ‘ई’ स्वराला लावतात. ती एक पूर्ण स्वर खाली, ‘डी’ला उतरवली की खालच्या तीन तारा सुट्याच सा-प-सा वाजतात, आणि एका आडव्या बोटानं हवा तो षड्ज-पंचम वरखाली सरकवता येतो. तार सैल पडल्यानं तिचा आवाज किंचित लोंबतो, खरखरतो. ही युक्ती त्यानं मेल्विन्सच्या बझ ऑस्बोर्नकडून उचलली. त्यात भर साउंडगार्डनच्या तालाची: ‘आउटशाइन्ड’ किंवा ‘स्पूनमन’ ऐकताना रॉकच्या चार मात्रा मोजत बसलात तर चुकाल, ती सात मात्रांत चालतात. आपल्याकडच्या माणसाला इथं लगेच तंबोरा आणि रूपक आठवतो आणि ‘शेवटी रक्त बोललंच’ म्हणायचा मोह होतो. मी तो आवरतो. त्याच्या गिटारीत मला ऐकू येतं ते पंक आणि ब्लॅक सॅबाथ. परदेशात कुणी नाव काढलं की त्याच्या यशात आपला वाटा शोधायची आपली खोड जुनी आहे.

आता अल्बम. पर्ल जॅमचा ‘टेन’ ऑगस्ट 1991 चा, ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबरचा, साउंडगार्डनचा ‘बॅडमोटरफिंगर’ ऑक्टोबरचा. तीन महिन्यांत तीन. जानेवारी 1992 मध्ये ‘नेव्हरमाइंड’नं मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं आणि सिएटलमध्ये कंपन्यांची माणसं पाकिटं घेऊन फिरू लागली. माझ्या मते ‘नेव्हरमाइंड’ हा ग्रंजमधला सगळ्यांत कमी ग्रंज अल्बम आहे. गाणी अव्वल, पण खरखर घासूनपुसून काढलेली. खुद्द कोबेनलाही ती सफाई पुढं सलत राहिली. म्हणून 1993 चा ‘इन यूटेरो’ त्यानं स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाकडून करून घेतला. अल्बिनीनं ठरलेली रक्कम घेतली आणि विक्रीतला वाटा नाकारला; केलेल्या कामाचे पैसे घ्यावेत, दुसऱ्याच्या गाण्यावर जन्मभर खाऊ नये, हे त्याचं तत्त्व होतं. अ‍ॅलिस इन चेन्सचा ‘डर्ट’ (1992) मी वर्षातून एखाद्या वेळीच ऐकतो. हेरॉइनच्या विळख्यातला माणूस आतून कसा दिसतो, हे त्यांचा गायक लेन स्टॅली त्यात कुठलंही निमित्त न देता सांगतो. आणि एकच ठेवायचा झाला, तर साउंडगार्डनचा ‘सुपरअननोन’ (मार्च 1994).

बाजारानं मग आपलं काम केलं. थंडी होती आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्त मिळायचे, म्हणून पोरं चौकड्यांचे फ्लॅनेलचे शर्ट घालायची. 1992 च्या अखेरीस मार्क जेकब्सनं तेच न्यूयॉर्कच्या फॅशन शोमध्ये उतरवले. त्याच सुमारास न्यूयॉर्क टाइम्सनं ग्रंजवाल्या पोरांच्या बोलीचा कोश छापला. आधी सब पॉपमध्ये काम केलेल्या मेगन जॅस्परनं वार्ताहराला फोनवर मनाला येईल ते शब्द सांगितले होते आणि त्यांनी ते निमूट छापले. मला ग्रंजमधला हा विनोद त्यातल्या मृत्यूंपेक्षा अधिक बोलका वाटतो. मृत्यूंची यादी सगळ्यांना पाठ आहे: कोबेन 1994, स्टॅली 2002, कॉर्नेल 2017. त्यांच्यावर इतकं लिहिलं गेलंय की आजाराचीच आरती झाली आहे. पर्ल जॅमनं 1994 मध्ये तिकिटांच्या दरावरून तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीशी भांडण काढलं, अमेरिकी संसदेच्या समितीपुढं साक्ष दिली आणि ते हरले, हे फारसं कुणी सांगत नाही. ती मात्र माझ्या दृष्टीनं कामगारांची गोष्ट आहे.

भारतात हे सगळं स्टार टीव्हीवरच्या एमटीव्हीतून आलं. मुंबईत रंगभवनाच्या उघड्या मंचावर 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक भरत होतंच, त्यामुळं तिथल्या पोरांना निदान उभं राहायला जागा होती. भिलाईत का नाही झालं काही? आखीव वसाहत होती, कंटाळा मुबलक होता, नव्वदीत नोकरभरती आटल्यानं बापाची नोकरी पोराला मिळणार नाही हेही कळत होतं. गिटारीसुद्धा होत्या. मरोद्यात आमच्या ब्लॉकमधल्या एका पोरानं डिस्टॉर्शनचं पेडल मागवलं होतं. पण कारखाना तीन पाळ्यांत चालतो. कुठल्याही वेळी, कुठल्याही ब्लॉकमध्ये, कुणीतरी रात्रपाळी करून आलेला झोपलेला असतो. वरून “अरे, काका झोपलेत ना” अशी हाक आली की प्रश्न मिटला. कोक ओव्हनवर आठ तास काढून आलेल्या माणसाची झोप मोडून कसलं बंड करणार? सिएटलकडे तळघरं होती, आमच्याकडे वर-खाली-शेजारी भिंतीला भिंत. उरलेला कंटाळा पुढं कोचिंग क्लासनं विकत घेतला. आयआयटीच्या निकालांत भिलाईचं नाव झळकू लागलं आणि त्या पोराचं पेडल माळ्यावर गेलं.

आणि तरीही या पट्ट्यातून खरखरीत, बेमुर्वत आवाज निघालाच नाही, असं नाही. भिलाईपासून थोड्या अंतरावरच्या गनियारी गावात 1956 साली, म्हणजे जवळपास कारखान्याबरोबरच, तीजनबाई जन्मल्या. पंडवानी म्हणजे महाभारत गाऊन सांगायची इथली कला; ती बायकांनी बसून गायची, उभं राहून गायची कापालिक रीत पुरुषांची, असा संकेत होता. त्या उभ्या राहिल्या. गाते म्हणून समाजानं बाहेर काढलं, तेव्हा वेगळं खोपट बांधून राहिल्या. तंबूरा कधी भीमाची गदा तर कधी अर्जुनाचा रथ करून, घसा फाडून गायलेलं त्यांचं महाभारत ज्यानं समोर बसून ऐकलंय, त्याला विद्रोही आवाज आयात करावा लागतो ही कल्पना पटणार नाही. भिलाई इस्पात संयंत्रानं त्यांना नोकरी दिली. 2019 मध्ये पद्मविभूषण मिळालं. आम्ही क्वार्टरातली मुलं मात्र त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या ‘लोकनृत्य वगैरे’ या खात्यात टाकून केबलवर सिएटल शोधत होतो. पंडवानीला तळघर लागत नाही, ती गावाच्या मधोमध रात्री होते आणि झोपायचं कुणालाच नसतं. पण त्या वर्तुळात बसायला क्वार्टरातून उठून गनियारीच्या रस्त्याला लागावं लागलं असतं, आणि तो रस्ता नियोगींच्या माणसांच्या वस्त्यांमधून जायचा.